पावसात नाचणारा माणूस आणि आमच्या आत्याबाई

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात वाळवणांबद्दल लिहिलं, त्याआधी पाणी पुरवून वापरण्याबद्दल. आज ओटा पुसून, हात कोरडे करून जरा निवांत बसू या. आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे.

निमित्त झालं परतूरच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचं. त्या लिहितात, "मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीला आली की मोबाइलवर जुने इंग्रजी नाचगाण्यांचे सिनेमे लावते आणि म्हणते, आई, तू पण बघ. मला इंग्रजी धड येत नाही. वय पन्नास झालं. या वयात परक्या देशातल्या लोकांचे नाच बघून मला काय करायचंय? पण खरं सांगू का ताई, बघायला बसलं की उठवत नाही. परवा भाजी करपली. मग दिवसभर मनाला लागून राहिलं. माझं चुकतंय का?"

बाई, भाजी करपली एवढंच चुकलं. गॅस बारीक करून बसायला हवं होतं. बाकी काहीही चुकलेलं नाही. पण तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या आत्याबाई आठवल्या. आमच्याकडे सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. त्यांची एक गोष्ट कितीतरी दिवस सांगायची राहिली आहे. ती आज सांगते. पण आधी सिनेमा.

तुमच्या मुलीनं लावलेल्या सिनेमांत एक 'सिंगिंग इन द रेन' असणारच. १९५२ सालचा, एमजीएम या बड्या कंपनीचा. दिग्दर्शक दोघं, स्टॅन्ली डोनन आणि जीन केली. हा जीन केलीच सिनेमाचा नायक. गोष्ट साधी आहे. १९२७ च्या सुमाराला तिकडे मुके सिनेमे जाऊन बोलके सिनेमे आले, तेव्हा जी धांदल उडाली, तिची ही गंमत. लीना नावाची मोठी नटी दिसायला देखणी, पण आवाज असा, की पितळी पातेल्यावर तारेची घासणी फिरवावी! आता ही पडद्यावर बोलणार कशी? मग कॅथी नावाच्या एका नव्या, गोड गळ्याच्या मुलीला पडद्यामागं उभं करतात. तोंड लीना हलवणार, आवाज कॅथीचा. शेवटी भर थिएटरात मागचा पडदा वर जातो आणि गाणारी खरी कोण, ते सगळ्यांना दिसतं.

हे आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. आपल्याकडे पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला, व्ही. शांतारामांचा. त्यात तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे चांगल्या सुखवस्तू घरातल्या. घरंदाज बाईनं सिनेमात जायचं म्हणजे त्या काळी केवढा गहजब! आणि पडद्यामागच्या आवाजाचं म्हणाल, तर १९४९ च्या 'महल'मधलं गाणं लताबाईंनी गायलं, पण सुरुवातीला तबकडीवर नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! काम एकीचं, नाव दुसरीचं. घर चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट इंग्रजी न येताही कळते.

आता त्या प्रसिद्ध पावसाबद्दल. कॅथीला तिच्या घरी सोडून नायक निघतो. धो धो पाऊस. हातात छत्री आहे, पण हा गडी ती मिटून टाकतो आणि रस्त्यात नाचू लागतो. दिव्याच्या खांबाला लोंबकळतो, पन्हळीखाली तोंड धरतो, डबक्यात पोरासारखा थपाथपा उड्या मारतो. बस्स, एवढंच. गोष्ट पुढं सरकत नाही, कुणाला काही मिळत नाही. माणसाला आनंद झाला आणि तो अंगात मावेना, एवढंच त्यात आहे.

आमच्या घरी हा सिनेमा लागला तो २०१३ च्या मे महिन्यात. जालन्यातलं कुणीही तो उन्हाळा विसरलेलं नाही. टँकर कधी येणार याच्यावर आमची झोप ठरायची. घाणेवाडीच्या तलावात पाणी नाही म्हणून लोक गाळ उपसत होते. भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी संडासाला. अशा दिवसांत माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, मैत्रिणीकडून आणलेली सीडी लावून बसली. आत्याबाई शेजारी गहू निवडत होत्या. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि त्यांचा हात सुपातच थांबला.

"अगं बाई! कायची नासाडी लावलीय मेल्यानं! एवढ्या पाण्यात महिना निघाला असता आपला!"

आम्ही सगळ्या हसलो. पण गाणं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पुन्हा लाव गं जरा."

त्या पावसाची एक गंमत सांगते. बरीच वर्षं अशी एक वदंता होती, की पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं. दुधात पाणी आपल्याला रोजचं, पण पाण्यात दूध? खरं म्हणजे तसं काही नव्हतं. धारांच्या मागून दिवे टाकले होते, त्यामुळं थेंब चकाकले. सकाळच्या उन्हात दळणाच्या पिठाचे कण चमकतात ना, तसंच. आणि जीन केलीला त्या वेळी १०३ ताप होता. तापानं फणफणलेला माणूस नळाच्या पावसात उभा, अंगात लोकरीचा सूट, आणि तो सूट भिजून भिजून आटत चाललेला! लोकर पाण्यात घातली की काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण पडद्यावर यातलं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त आनंद.

माझ्या मते, या सिनेमांची खरी ओढ इथं आहे. कष्ट दिसत नाहीत. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची. ती व्यायामाच्या कसरती करायची, पण नाच शिकलेली नव्हती. जीन केलीची शिस्त फार कडक. एकदा ही पोर पियानोखाली बसून रडत होती. तिथं फ्रेड अस्टेअर आला, नाचात केलीच्याच तोडीचा मोठा कलावंत. त्यानं तिला धीर दिला, आपला सराव बघू दिला. त्यात तिघांचा घरातला एक नाच आहे. जिना, खुर्च्या, कोच, सगळीकडं उड्या मारत केलेला. त्याचं चित्रीकरण सकाळी आठला सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत चाललं. शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं. पुढं ती सांगायची, की आयुष्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टी दोनच, हा सिनेमा आणि बाळंतपण! आता मला सांगा, ही बाई आपल्यातली वाटते की नाही?

पुरणपोळी तव्यावर टम्म फुगते तेव्हा पुरण वाटताना दुखलेला दंड कुणाला दिसतो? दिसू नये अशीच आपली रीत. म्हणून तर आपण नाचाचा सिनेमा बघताना हरखून जातो. त्या सहजतेच्या पाठीमागं काय असतं, हे आपल्या हातांना माहीत असतं. असो.

"पण तिकडचंच कशाला?" असं कुणी विचारेल. बरोबर आहे. आपल्याकडे काय कमी आहे?

शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' आठवा. १९५५ सालचा, टेक्निकलरचे झगझगीत रंग. नायक गोपीकृष्ण, कथकमधला जन्मजात कलावंत. त्याच्यासमोर नायिका संध्या. संध्याबाई शास्त्रोक्त नाच शिकलेल्या नव्हत्या. या सिनेमासाठी त्या गोपीकृष्णांकडेच शिकल्या आणि त्यांच्या जोडीनं उभ्या राहिल्या. तिकडं डेबी रेनॉल्ड्सनं जे केलं, तेच इकडं अवघ्या तीन वर्षांनी आपल्या मराठी मुलीनं केलं. संध्याबाईंचं मूळ नाव विजया देशमुख. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, तेव्हा 'पिंजरा' आठवून हळहळल्या नाहीत अशा बाया आमच्या गल्लीत तरी नव्हत्या.

पण मला विचाराल, तर गृहिणीनं बघावा असा सिनेमा १९५९ चा 'नवरंग'. 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंज देताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या माणसाला आत जे रंग दिसले, त्यातून हा सिनेमा निघाला. गोष्ट एका कवीची. त्याची बायको जमुना साधीसुधी, घरकामात बुडालेली, घरात पैसा पुरत नाही म्हणून कावलेली. कवी मनातल्या मनात एक मोहिनी निर्माण करतो. ती नटते, नाचते, आणि तिच्यावर तो कविता रचतो. बायकोला वाटतं, कोण ही सटवी? भांडण, रुसवा, माहेर. शेवटी उलगडा होतो, की मोहिनी म्हणजे जमुनाच! तिचाच चेहरा, तिचीच चाल. दोन्ही भूमिका संध्याबाईंच्याच. त्यातल्या होळीच्या नाचात तर एकाच अंगानं पुरुषही त्याच आणि बाईही त्याच.

मी हा सिनेमा लग्नानंतर पाहिला आणि पहिल्यांदा मला त्या कवीचा रागच आला. अरे बाबा, मोहिनी तुझ्याच घरात होती, तर तिला एक दिवस चुलीपुढून उठवून नाच म्हणायचंस! मनात कशाला नाचवत बसलास?

आणि भगवानदादांना कसं विसरायचं? गिरणीत काम केलेला, बसक्या अंगाचा हा माणूस. १९५१ साली त्यांनी 'अलबेला' काढला. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. बरोबर गीताबाली. भगवानदादांचा नाच म्हणजे हात जरासे हलवायचे, खांदा उडवायचा आणि चार पावलं डुलत चालायचं. ना उड्या, ना गिरक्या. म्हणून तर आजही कुठल्याही वरातीत, जन्मात न नाचलेला मामा बँडपुढं उतरला, की त्याच्या अंगात भगवानदादाच येतात. तो नाच सगळ्यांना येतो.

सगळ्यांना म्हणजे बापयांना. बाईचं काय? आता पोरी हळदीला नाचतात, संगीतात नाचतात, फार छान वाटतं. पण पन्नाशीची बाई? ती खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसते आणि पाय मात्र खाली हलत असतो. आणि जिचा नवरा नाही, ती तर खुर्चीतही नसते. ती आत असते. वाटीत बुंदी किती शिल्लक आहे ते बघत असते.

आता आत्याबाईंची गोष्ट सांगते.

आत्याबाईंचं माहेर भोकरदन तालुक्यातलं. पंचमीला वारुळाची पूजा करून आल्यावर बाया फेर धरायच्या, तेव्हा गाणं उचलायला आत्याबाईच लागायच्या, असं त्यांची धाकटी बहीण मला सांगायची. झोका एवढा उंच न्यायच्या, की लिंबाचा पाला तोडून आणायच्या म्हणे! १९७९ साली सासरे गेले. आत्याबाई तेव्हा चौतीस वर्षांच्या, पदरात नऊ वर्षांचा मुलगा. तेव्हापासून पंचमीला त्या घरातून बाहेर पडल्या नाहीत. कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. कुणी 'या' म्हटलं नाही, एवढंच.

माझं लग्न झालं १९९८ मध्ये. श्रावणात माझी पहिली मंगळागौर. पुढच्या खोलीत पंधरा-वीस जणी. झिम्मा, फुगडी, नुसता दणदणाट. आत्याबाई दिवसभर राबल्या होत्या. पुरण त्यांचं, कटाची आमटी त्यांची, फुलं-पत्री सकाळी त्यांनीच आणलेली. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासूबाईंना बोलव की. त्यांना जुनी गाणी येतात म्हणे." मी चटकन म्हटलं, "नको वहिनी, त्यांनाच बरं वाटायचं नाही."

मैत्रिणींनो, मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीनं मीच ठरवलं. थोड्या वेळानं पाणी प्यायला आत गेले, तर त्या स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसलेल्या. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. बाहेर टाळ्या पडत होत्या आणि त्यांच्या पायाची बोटं त्या टाळ्यांवर जमिनीला ठेका देत होती. जोडवी नसलेली बोटं. मी पाणी न पिताच मागं फिरले. बाहेर येऊन पुन्हा फुगडी घातली, पण मन लागेना. तरीही त्यांना हाक मारली नाही. ती माझी चूक. आज इतक्या वर्षांनी लिहून टाकते.

आता पुन्हा २०१३ चा मे महिना. आत्याबाईंनी ते पावसातलं गाणं तीनदा लावायला सांगितलं. त्या नाचाच्या शेवटी एक गस्तीचा पोलीस येतो. काही बोलत नाही. नुसता कमरेवर नजर ठेवल्यासारखा बघत उभा राहतो. नाचणारा एकदम थांबतो, शहाण्यासारखा फूटपाथवर चढतो, छत्री वाटेतल्या एका माणसाला देऊन टाकतो आणि चालू लागतो.

आत्याबाईंनी नातीला विचारलं, "हवालदार काय म्हणला त्याला?"

"काहीच नाही आजी. नुसता बघत होता."

"मग हा थांबला कामून?"

मुलगी हसली. मी मात्र हातातलं काम टाकून तिथंच उभी राहिले. मला माझी मंगळागौर आठवली. काही न बोलता नुसतं बघणारा तो हवालदार आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत उभा असतो. कधी समोरच्या खिडकीत, कधी नात्यातल्या एखाद्या थोरल्या बाईच्या भुवईत. १९९८ साली तो माझ्या अंगात शिरला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

जूनमध्ये एका दुपारी अंधारून आलं. आठवतं ना, त्या पहिल्या सरीला जालना कसं रस्त्यावर आलं होतं? आत्याबाईंनी आधी पागोळ्यांखाली घागर, दोन बादल्या, पातेली, होती नव्हती तेवढी भांडी मांडली. शिस्तीच्या बाई! भांडी भरत आली, तशी नात अंगणात उतरली आणि तिनं आजीचा हात धरून ओढलं. आत्याबाईंनी एकदा समोरच्या माडीकडं बघितलं. खिडकीत एक बाई उभी होती. मग त्यांनी पदर खोचला, नातीचे दोन्ही हात मनगटापाशी घट्ट धरले आणि फुगडी घातली. अडुसष्ट वर्षांची बाई, चार फेरेच. माझ्या तोंडावर अगदी आलं होतं, "आत्याबाई, पडाल हं!" पण ते मी गिळलं. त्या वेळी माझ्या हातून तेवढं एक बरं झालं.

चार फेऱ्यांनी त्या धापा टाकत पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "घागर आत घे, भरली." तो विषय पुन्हा आमच्यात निघाला नाही. पण पुढच्या पंचमीला समोरच्या माडीवरची तीच बाई त्यांना बोलवायला आली, आणि त्या गेल्या. २०१९ मध्ये त्या वारल्या, तोवर दर पंचमीला गेल्या.

मैत्रिणींनो, ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. फार चांगली गोष्ट झाली. पण फेरात हात धरायला बोलावणं हे काम परिपत्रकाचं नाही. ते तुमचं-माझं आहे.

म्हणून परतूरच्या भगिनींना माझं सांगणं असं, की सिनेमा खुशाल बघा. एकट्या नको, चौघीजणी मिळून बघा. 'सिंगिंग इन द रेन' १०३ मिनिटांचा आहे, दुपारच्या चहाच्या आत सहज होतो. त्यानंतर एक दिवस 'नवरंग' लावा, त्याला मात्र सवड काढून बसावं लागेल. पाय हलायला लागले, तर हलू द्या. आणि या श्रावणात फेर धराल, तेव्हा आतल्या खोलीत कोण बसलंय ते एकदा बघून या. "त्यांना बरं वाटेल का?" असा विचार करत बसू नका. जाऊन विचारा. त्या नको म्हणाल्या, तर मान ठेवा. पण नकार त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आता, खूप दिवसांनी खेळणाऱ्यांसाठी चार घरगुती सूचना:

खेळायच्या जागेवरची सतरंजी काढून ठेवा, गुळगुळीत फरशीवर ती सरकते. फरशी कोरडी आहे ना, बघा. पागोळ्यांखालच्या शेवाळावर तर मुळीच जाऊ नका.

जेवणानंतर निदान दोन तास तरी फुगडी नको. सुरुवात साध्या फेरानं आणि टाळ्यांनी करा. अंग ऊन झालं, की मग झिम्मा, आणि फुगडी शेवटी.

फुगडी घालताना बोटांत बोटं अडकवू नका, एकमेकींची मनगटं धरा. काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून घ्या किंवा काढून ठेवा. साडी घोट्याच्या वर नेसा.

रक्तदाबाचा, चक्करीचा त्रास असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, त्यांनी गोल फिरू नये. त्यांनी मधे बसून गाणं उचलावं. गाणं सांगणारीशिवाय खेळ रंगत नाही, तेव्हा हा कमीपणा नव्हे.

रात्री कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून दहा मिनिटं पाय बुडवा. बोटांच्या बेचक्या नीट पुसून टाचांना खोबरेल लावा. मधुमेह असेल, तर पाय बुडवून ठेवू नका आणि गरम पाणी तर नकोच. अशा पायांना चटका कळत नाही. त्यांनी साध्या पाण्यानं पाय धुऊन पुसावेत आणि कुठं लागलं-खुपलं आहे का ते बघावं. पाणी काटकसरीचे दिवस असतील, तर पाय धुतलेलं पाणी अंगणावर शिंपडा. मिठाचं असेल, तर तुळशीला मात्र घालू नका.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना पोरकिडा लागू नये म्हणून काय करावं, ते बघू. तोवर तुमच्या घरातल्या, शेजारातल्या कुणाला या खेपेला बोलावलंत, ते मला जरूर कळवा.

तुमचीच,
ताई